वडिलांचा पॉवर टिलर: दुरुस्ती की बदल?

बालाघाट जिल्ह्यातील बैहरकडे भातखाचरांची चिखलणी करणारा वडिलांचा जुना पॉवर टिलर धूर ओकू लागला की शहरातला मुलगा नव्याची किंमत विचारू लागतो. त्याने आधी धुराचा रंग पाहावा. काळा असल्यास बहुधा हवेची गाळणी तुंबलेली असते, खर्च किरकोळ. निळा असल्यास तेल जळते. बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. तेही साधते. मात्र गिअरपेटीच्या तेलात लोखंडाचा चुरा दिसला आणि सुटे भागही मिळेनासे झाले, तर मोह सोडावा.

याहून अवघड परीक्षा हाताची. हँडल मारताना इंजिन कधी उलटे झटकते. सत्तरीच्या मनगटाला तो झटका सोसत नाही. मग यंत्र धडधाकट असले तरी बटणावर चालू होणारे नवे घ्यावे, तेही मृगापूर्वी. जुने विकण्याआधी वडिलांना विचारावे. नुसत्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखणारे घरात तेच एकटे असतात.