भजनी मंडळाची पहिली पेटी: घेताना काय बघायचं?



पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नड या भागातल्या गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी आधी एखादा अभंग होतो आणि मग हिशोबाची वही उघडते. टाळ बायांच्या हातात असतात. पेटी मात्र बहुतेक देवळातल्या पुरुष मंडळाची असते आणि वाजवणारेही तेच. पेटीवाले भाऊ शेतात किंवा गावाला गेले, की आपलं भजन नुसत्या टाळावर होतं. मग कोणीतरी म्हणतं, "आपणच एक पेटी घेऊ आणि आपणच शिकू." त्यावर लगेच प्रश्न येतो, "पण त्यातलं आपल्याला काय कळतंय?"

आज आपण तेच समजून घेऊ. नवशिकीला साधी, हलकी पेटी पुरते. फक्त तिची हवा गळत नसावी आणि ती सुरात लागलेली असावी. बाकी नक्षी, चकचकीत पॉलिश, बटणांची रांग ही वरची शोभा आहे. पेटी वाईट असेल तर शिकणाऱ्या बाईला वाटतं, आपलाच हात जड आहे, या वयात आपल्याला जमायचं नाही. दोष पेटीचा असतो आणि शिकणं सोडून देते ती बाई. पेटी माळ्यावर जाते, वर्गणी वाया जाते आणि पुढच्या वेळी कोणी विषयसुद्धा काढत नाही. म्हणून पहिली पेटी पारखून घ्यायची.

पेटीची थोडी ओळख करून घेऊ. आज ती देवळादेवळांत असली, तरी मूळची इथली नाही. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारून वाजवायची होती. जमिनीवर बसून एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या, असा आपल्या बैठकीला सोयीचा घाट कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केला. मराठी संगीत नाटकांनी ती घराघरांत पोहोचवली आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला मान मिळवून दिला. गंमत म्हणजे याच पेटीला १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओवर बंदी झाली आणि ती १९७१ मध्ये कुठे सैल होऊ लागली. आक्षेप असा होता, की पेटीचे सूर ठरलेले असतात. गळ्यातून निघते तशी मींड तिच्यातून निघत नाही. ते खरंच आहे. पण नवशिकीला ठरलेला सूरच आधार देतो.

पेटीच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना रीड किंवा नुसतं सूर म्हणतात. भात्याची हवा त्यातून गेली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. लांब रीडचा सूर खाली, आखूड रीडचा वर. म्हणजे पेटीचा जीव दोन ठिकाणी आहे, भात्यात आणि सुरांत. पैसे मोजायचे ते या दोन गोष्टींसाठी.

दुकानात तीन-चार प्रकार दाखवतात. एकसुरी पेटीत एका पट्टीला एकच रीड असते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण आठ-दहा जणींच्या आवाजात आणि टाळांत ती ऐकू येत नाही. घरी एकटीला शिकायला ठीक आहे. जोडसुरी पेटीत एका पट्टीला दोन रीड असतात, बहुधा एक खर्जाची आणि एक तिच्या वरच्या सप्तकातली. मंडळासाठी हीच बरी. तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्या भजनाला पुरतात. तीनसुरी पेटी जड असते आणि तिला हवाही जास्त लागते. नवशिकीचा हात लवकर दुखतो. कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दाबली जाते, ती सोय. पहिल्या पेटीला तिची गरज नाही.

स्केल चेंजरबद्दल नीट ऐका, कारण भावाचा मोठा फरक तिथेच पडतो. त्यात पट्ट्यांची सगळी चौकट सरकवता येते, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलते. वेगवेगळ्या गायकांना साथ करणाऱ्याला ते उपयोगाचं. आपलं मंडळ नेहमी एकाच पट्टीत गाणार असेल, तर त्यासाठी जादा पैसे कशाला द्यायचे? शिवाय ती पेटी जड असते आणि तिची दुरुस्ती प्रत्येकाला जमत नाही.

आता पट्टीचंच बघू. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी असतात. दोनच्या गटात काळी एक आणि काळी दोन, तीनच्या गटात काळी तीन, चार आणि पाच. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायकांना काळी चार-पाच सोयीची पडते. पुरुषांच्या पट्टीत गाताना आपला आवाज एकतर फाटतो नाहीतर खाली बसतो. आपल्याला गाता येत नाही असं नसतं, पट्टी आपली नसते. तीनच्या गटातली मधली काळी चार सा धरली, तर शुद्ध स्वर असे येतात: सा काळी चार, रे काळी पाच, ग पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. हे वहीत लिहून ठेवा. साध्या पेटीवरही आपली पट्टी अशी मिळते.

दुकानात गेल्यावर पेटी कशी तपासायची? जमलं तर शिकवणाऱ्या ताईंना किंवा गावातल्या जाणत्या पेटीवाल्यांना सोबत न्या. नाही जमलं, तरी पुढचं आपल्यालाही करता येतं.

पहिलं, समोरचे सगळे स्टॉप, म्हणजे ओढायची बटणं, बंद करा आणि भाता मारा. हवा भरली की भाता घट्ट लागला पाहिजे. तो सैलच राहत असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर हवा गळते आहे.

दुसरं, एक स्टॉप उघडा, पण पट्टी दाबू नका. तरी एखादा सूर आपोआप वाजला, तर पट्टीखालची झडप नीट बसत नाही.

तिसरं, भाता पूर्ण भरून एकच पट्टी दाबून धरा आणि मनात आकडे मोजा. दुसऱ्या पेटीवर तीच पट्टी धरून पुन्हा मोजा. जिचा सूर जास्त वेळ टिकतो, तिचा भाता चांगला.

चौथं, डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या, काळ्यासुद्धा, एकेक करून वाजवा. आधी अगदी हळू हवेत, मग जोरात. प्रत्येक सूर लगेच निघाला पाहिजे. एखादा कुजबुजतो, एखादा किंचाळतो, एखादा झणझणतो, असं नको. स्टॉप बदलून दुसरी रांगही तपासा.

पाचवं, सा आणि वरचा सा एकदम दाबा. आवाज स्थिर राहिला पाहिजे. वाव-वाव अशा लाटा आल्या, तर सूर जुळलेले नाहीत. मग सा आणि प धरून बघा. मोबाइलमधलं तानपुऱ्याचं मोफत ॲप सोबत लावलं तर फरक पटकन कळतो.

सहावं, पेटी उचलून बघा. दोघींना ती धरून एसटीत चढवता आली पाहिजे. नाथषष्ठीला दिंडीत पेटी आपल्यालाच न्यायची आहे.

जुनी पेटीही वाईट नसते. चांगल्या सुरांची जुनी पेटी नव्या स्वस्त पेटीपेक्षा कित्येकदा बरी निघते. भात्याची शिवण, कापड, चामडं बदलता येतं. थोडे उतरलेले सूर कारागीर रीड घासून जुळवतो. पण रीडला चीर गेली असेल तर ती बदलावीच लागते, आणि अशा रीड पुष्कळ असतील तर ती पेटी सोडून द्या. वरचं झाकण उघडायला सांगा; उंदराने कुरतडलेलं, कसर लागलेलं तिथे दिसतं. दुरुस्तीचा खर्च आधी विचारून किमतीत धरा.

साधी जोडसुरी नवी पेटी आज साधारण आठ ते पंधरा हजारांत मिळते. तीन दुकानांत विचारा आणि सूर लावून देण्याचं बिलावर लिहून घ्या. गटाचा फिरता निधी किंवा बँकेचं कर्ज यासाठी वापरू नका. ते पैसे शेळी, शिलाई यंत्र, बियाणं यांच्यासाठी आहेत. पेटीची वर्गणी वेगळी ठेवा. मंडळात १५ जणी असल्या आणि महिना १०० रुपये काढले, तर ८ महिन्यांत १२,००० रुपये जमतात. बिल मंडळाच्या नावाने घ्या. पेटी कोणाच्या घरी राहील, सरावाचे दिवस कोणाचे, दुरुस्तीचा खर्च कोण देईल, एखादी मंडळ सोडून गेली तर काय, हे ठराव करून वहीत लिहा. पुढचे रुसवेफुगवे तिथेच टळतात.

घरी आणल्यावर पेटी पाटावर ठेवा, ओल्या जमिनीवर नको. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, लाकूड तडकतं. वाजवून झालं की भात्याची कडी लावा आणि कापड घाला. पेटीवर समई, तेल, प्रसादाचं ताट ठेवू नका. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी वाजवा.

आणि शेवटचं. पेटी आली की ती एकाच बाईच्या मांडीवर बसते, असं पुष्कळदा होतं. निदान तिघींनी तरी शिका. म्हणजे एक बाळंतपणाला गेली, एक कापूस वेचायला गेली, तरी तिसरी सूर धरेल.

 पुढच्या भागात भेटू.