साडेनऊ तासांचा फरक

काउंटरवर दोन खोकी होती. एक हातात सहज मावलं, दुसरं उचलायला दोन्ही हात लागले. लहान खोक्यात टोकियोच्याच सायथ कंपनीचा 'कोतेत्सु मार्क थ्री' होता, मोठ्यात ऑस्ट्रियाच्या नॉक्तुआचा 'एनएच-डी१५'. काम दोघांचं एकच, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता हवेत सोडायची. त्या दिवशीच्या पाट्यांप्रमाणे दोघांच्या किमतीत अकरा हजार येनच्या आसपास फरक होता.

माझ्याबरोबर आमच्या निशी-कासाईच्या इमारतीतला एक मुलगा होता. जन्म इथलाच, मराठी घरापुरतं पण गोड. कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकतो आणि आठवड्यातले तीन दिवस रात्री एका दुकानात माल लावतो. तेव्हा टोकियोत ऑक्टोबर २०२४ पासूनचं किमान वेतन तासाला १,१६३ येन होतं. म्हणजे त्या दोन खोक्यांमधला फरक त्याच्यासाठी साडेनऊ तास उभं राहण्याइतका होता. हा हिशेब त्याने केला नव्हता, मी केला होता.

"काकू, नॉक्तुआच घेऊ ना? सगळे तोच चांगला म्हणतात."

"चांगला आहेच. पण तुझा प्रोसेसर कुठला?"

"रायझन ५ ७६००."

"मग जरा थांब. घाई करू नकोस."

मी मेकॅनिकलची. सांगलीहून पुण्याला आले, तिथल्या कारखान्यात हीट एक्स्चेंजरवर काम केलं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले. उष्णता कुठून कुठे जाते आणि वाटेत कुठे अडते, हे शोधायची सवय सुटलेली नाही. म्हणूनच त्याच्या आईने त्याला माझ्याबरोबर धाडलं असावं.

या दुकानापर्यंत यायला तोझाई लाइनने कायाबाचो, तिथे हिबिया लाइन, आणि तिसऱ्या स्टेशनला अकिहाबारा. युद्धानंतर या भागात रस्त्याकडेला रेडिओचे सुटे भाग विकले जात. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा आदेश निघाला, तेव्हा त्यातले कितीतरी दुकानदार रेल्वेच्या पुलाखाली गेले. त्यांचे इवलेसे गाळे आजही तिथे आहेत आणि आजही तिथे एकेक रेझिस्टर सुटा मिळतो. स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडण्याला इथे 'जिसाकु' म्हणतात, म्हणजे स्वतः घडवलेला. जिसाकुच्या दुकानांत कूलरसाठी आख्खी भिंत असते. खोक्याखाली हाताने लिहिलेल्या पाट्या, आणि त्यांवर दोन शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. 'सेइओन' म्हणजे शांत आवाजाचा, आणि 'कोसुपा' म्हणजे दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला. कॉस्ट आणि परफॉर्मन्स हे दोन इंग्रजी शब्द दाबून जपान्यांनी तो बनवला आहे.

कोतेत्सु या नावाची गोष्ट मी त्याला त्या भिंतीसमोरच सांगितली. नागासोने कोतेत्सु हा सतराव्या शतकातला तलवारी घडवणारा लोहार. आधी तो चिलखतं करायचा. पुढे त्याच्या तलवारींना इतका भाव आला, की मुठीत दडणाऱ्या भागावर त्याची खोटी सही कोरलेल्या तलवारी बाजारात भरून गेल्या. कोतेत्सु दिसली की ती बनावट समजावी, असं जाणकार सांगत. नुसत्या नावावर माल घेऊ नये हे शिकवायला याहून चांगलं नाव नाही, आणि ते नेमकं स्वस्त कूलरला मिळालं आहे.

आता आतली वस्तू बघू. दोन्ही कूलरमध्ये खाली धातूचा ठोकळा, त्यातून वर जाणाऱ्या ६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळ्या, त्यांवर ओवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि पत्र्यांना टेकून पंखा. नळ्या भरीव नसतात. आतली हवा काढून घेतलेली असते आणि थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. खाली वाफ होते, वर पत्र्यांपाशी निवून तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून ते वातीतल्या तेलासारखं खाली परततं. भाताच्या भांड्याचं झाकण उघडलं की आतून लगडलेले थेंब दिसतात, तसंच. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० जूल उष्णता लागते, आणि तीच उष्णता ही वाफ उचलून नेते. ही युक्ती अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्याच्या कितीतरी आधी, १९४२ साली, जनरल मोटर्सच्या गॉगलर यांनी पेटंटसाठी अर्ज केला होता. आज अशा नळ्या लॅपटॉपमध्येही असतात. जी वस्तू एवढ्या संख्येने बनते ती स्वस्त होते. कोतेत्सुत अशा चार नळ्या आहेत, डी१५ मध्ये सहा. डी१५ चं वजन दोन पंख्यांसकट १,३२० ग्रॅम आहे.

मग मी खिशातली पावती उलटी केली आणि तिच्यावर गणित मांडलं. रायझन ५ ७६०० ला मदरबोर्डाकडून जास्तीत जास्त ८८ वॅट मिळतात. समजा महागडा कूलर स्वस्तापेक्षा दर वॅटमागे ०.०५ अंशाने सरस आहे. ८८ ला ०.०५ ने गुणलं की साडेचार अंशही भरत नाहीत. पण प्रोसेसर इंटेलचा आय९-१४९००के असेल, तर तो २५३ वॅटपर्यंत जातो, आणि त्याच ०.०५ चे साडेबारा अंश होतात. तिथे पैसे टाकण्यात अर्थ आहे. शिवाय ७६०० मधला जो तुकडा तापतो तो जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, आपल्या अंगठ्याच्या नखाहूनही लहान. त्यावर धातूचं जाड झाकण असतं. उष्णतेची पहिली अडचण त्या झाकणाखालीच होते, कूलर पुढे येतो. तिथे कुठल्याही ब्रँडचा हात पोचत नाही. रायझनची ही मालिका ९५ अंशांपर्यंत चालायलाच बनवली आहे, त्यामुळे ८० आकडा दिसला म्हणून जीव घाबरा करण्याचं कारण नाही.

"मग खोक्यात फुकट येतो तोच का नको?" त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. ७६०० सोबत छोटा कूलर मिळतो आणि प्रोसेसर त्यावर चालतोही. पण पत्रे थोडे असले की पंख्याला जोरात फिरावं लागतं. हा मुलगा रात्री झोपताना चित्रं रेंडर करायला लावणार, म्हणजे प्रोसेसर सकाळपर्यंत पूर्ण ताकदीने चालणार. आमच्या इमारतीच्या भिंती अशा, की शेजारच्या आजींचा खोकला ऐकू येतो. सहा तातामींची, म्हणजे सहा चटयांएवढी खोली, भिंतीला लागून टेबल, आणि भिंतीपलीकडे आजींची गादी. माझ्या लेखी कूलरची निवड त्या भिंतीपाशी होते.

आवाजाचा नियम साधा आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. वेग एक पंचमांश उतरवला तर हवा एक पंचमांशच घटते, पण आवाज ५ डेसिबलच्या आसपास खाली येतो. मोठा पंखा हळू फिरवणं हाच शांततेचा मार्ग, आणि १२० मिलिमीटरचा पंखा स्वस्त कूलरलाही असतो.

स्वस्ताचा मला अनुभव आहे, आणि तो वाईट आहे. इथे आल्यावर मी पहिलं मशीन जोडलं तेव्हा कुठलासा अगदी कमी किमतीचा कूलर घेतला होता. प्लास्टिकच्या चार खुंट्या बोर्डात दाबून बसवायच्या. त्यातली एक नीट बसली नव्हती. मशीन दहा मिनिटांनी बंद पडायचं आणि मी आठवडाभर दोष दुसरीकडेच शोधत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पंख्याचं तेल सुकलं आणि तो जात्यासारखा घरघरू लागला. 'यासुमोनो-काई नो झेनी-उशिनाई', स्वस्त घेणाऱ्याचे पैसे बुडतात, ही जपानी म्हण तेव्हा मला पटली होती. एडोच्या जुन्या म्हणींच्या पत्त्यांत ती आहे.

म्हणून पुढचा कूलर मी महाग घेतला, २०१४ साली बाजारात आलेला तोच डी१५. तो आजही माझ्या टेबलाखाली फिरतो आहे. मधल्या काळात बोर्ड बदलला, प्रोसेसर बसतो ते सॉकेट बदललं, जुनी पट्टी बसेना. खरेदीची पावती दाखवून अर्ज केला आणि नवी पट्टी, स्क्रू पोस्टाने घरी आले, फुकट. नॉक्तुआची किंमत कशात आहे ते मला तेव्हा कळलं. पंख्यावर सहा वर्षांची हमी आणि दीड लाख तासांच्या वर सांगितलेलं आयुष्य. त्यांच्या १२० मिलिमीटरच्या नव्या पंख्यात पातं आणि चौकट यांत अर्ध्या मिलिमीटरचीच फट ठेवली आहे. तापून, फिरून पातं ताणलं तर ते चौकटीला घासेल, म्हणून प्लास्टिकही खास निवडलं आहे. पैसे अशा गोष्टींचे असतात. अंशांचे त्यात थोडेच.

याची दुसरी बाजू त्याला दाखवायला मी त्याला जुन्या सामानाच्या दुकानात नेलं. तिथे तळच्या टोपल्यांत कूलर पडलेले असतात, तांबं-अ‍ॅल्युमिनियम शाबूत, चिठ्ठीवर लिहिलेलं 'कानागु नाशी', म्हणजे बसवायच्या पट्ट्या नाहीत. दोन मुठींएवढं चांगलं धातूकाम दोन स्क्रूंवाचून मातीमोल झालेलं. तो बराच वेळ एक कूलर हातात धरून उभा राहिला.

स्वस्त आणि नावाजलेलं ही विभागणीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. तैवानची थर्मलराइट २००१ पासूनची. एके काळी हौशी लोक तिचे जड, महाग कूलर मिरवत. आज तीच कंपनी सहा नळ्या आणि दोन पंख्यांचा 'पीअरलेस असॅसिन' कोतेत्सुच्या आसपासच्या किमतीत विकते. तोही आम्ही हातात घेऊन पाहिला. ८८ वॅटना चार नळ्या पुरेशा होत्या, आणि एकच पंखा असला की आवाज करणारी गोष्टही एकच.

कोतेत्सु घेतला. जोडणी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर केली, कारण त्याच्या खोलीत दोघांना वाकायला जागा नाही. आधी केसची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीची, पुस्तिका पाहिली. कूलर १५४ मिलिमीटर उंच आहे, केसचा दरवाजा लागला पाहिजे. बोर्डावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या, मागची पाटी तशीच ठेवली. आधीच्या पिढीसाठीचे कितीतरी कूलर नव्या सॉकेटवर बसतात, ते रायझन बनवणाऱ्या एएमडीने ही मागची रचना राखल्यामुळे. पंखा उतरवून ठेवला, नाहीतर स्क्रूड्रायव्हर आत जात नाही. थर्मल पेस्ट मधोमध मटाराएवढी.

"खालचं प्लास्टिक काढलंस?"

त्याने कूलर उलटा केला. ठोकळ्यावर पारदर्शक कागद तसाच होता. महाग असो की स्वस्त, हा कागद राहिला तर दोन्ही सारखेच निकामी. तो सोलला, कूलर टेकवला आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून, अर्धा-अर्धा फेरा देत आवळले. एक बाजू आधी पक्की केली की ठोकळा तिरपा बसतो आणि पेस्ट एकीकडे सरकते. हे काम त्याला करू दिलं. शेवटच्या फेऱ्याला हात थांबतो, तो अंदाज ज्याचा त्यालाच यावा लागतो.

मग बायोसमध्ये जाऊन पंख्याचा वेग उतरवला. रेंडर लावलं, चहा केला, अर्ध्या तासाने पाहिलं. तापमान ऐंशीच्या आत स्थिर होतं. खोलीत फ्रिजचा आवाज जास्त होता.

आय९ सारखा प्रोसेसर असेल, किंवा दहा वर्षं सॉकेट बदलत तोच कूलर वापरायचा असेल, तर नावाला पैसे द्यावेत. मी दिले आहेत आणि पुन्हा देईन. ७६०० सारख्या, कागदोपत्री ६५ वॅटच्या वर्गातल्या प्रोसेसरसाठी विद्यार्थ्याने ते देऊ नयेत. वाचलेल्या येनमधून त्याने जास्तीची रॅम घेतली. ऑगस्टमध्ये टोकियोचा पारा ३५ च्या वर गेला, मशीन रोज रात्रभर चाललं, आणि शेजारच्या आजींनी एकदाही दार वाजवलं नाही.