भूगर्भांतील उष्णता आणि वीज

हिवाळ्यांत पहांटे बोअरचें पाणी कोमट लागतें, हें बारामती-इंदापूरकडील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. रात्रीच्या विजेवर वडिलांबरोबर उसास पाणी देऊन सकाळीं वर्गांत पेंगणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, जमिनींत एवढी ऊब आहे, तर तिचीच वीज कां करूं नये?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडील साखर कारखाने उसाचें चिपाड जाळून वाफ करितात व त्या वाफेनें यंत्र फिरवून वीज काढितात. भूगर्भांतील वाफही तेंच काम करिते. इंधन मात्र जाळावें लागत नाहीं, आणि रात्रीं खंड पडत नाहीं. इटलींतील लार्देरेल्लो येथें 1904 सालीं अशा वाफेवर प्रथम पांच दिवे लागले. आज त्या परिसरांत मोठीं वीजगृहें आहेत.

मग अडतें कोठें? बोअरचें पाणी वर्षभर जवळजवळ सारख्याच उष्णमानाचें असतें. बाहेरील गारठ्यामुळें तें कोमट भासतें. सामान्यतः खोलीच्या दर किलोमीटरास 25 ते 30 अंश उष्णता वाढते. जोरदार वाफ हवी तर येथें चार-पांच किलोमीटर छिद्र पाडावें लागेल. आणि तेथील खडकांत भेगा व पाणी नसल्यास सारा खर्च वायां जाईल.

रत्नागिरी जिल्ह्यांत उन्हवरे येथें सुमारें 70 अंशांचा झरा आहे. अलास्कांतील चेना येथें 2006 पासून जवळजवळ एवढ्याच उष्ण पाण्यावर, लवकर उकळणाऱ्या द्रवाच्या साहाय्यानें, वीज निघते. परंतु त्या द्रवाची वाफ पुन्हां निववावयास तेथें बर्फासारखें पाणी मिळतें. कोंकणांत तें मिळत नाहीं. उष्ण व थंड यांतील अंतर जितकें मोठें, तितकी वीज अधिक. म्हणूनच लडाखच्या गार हवेंतील पुगा खोरें अधिक आशादायक मानितात. तेथें 1 मेगावॉटच्या वीजगृहासाठीं 2021 सालीं करार झाला. मात्र असें क्षारयुक्त पाणी वापरानंतर पुन्हां भूगर्भांत सोडावें लागतें. नाहीं तर ओढे-नाले दूषित होतात.

ही वीज तुझें रात्रीचें जागरण लवकर संपवील, असें त्या मुलास आम्हांस सांगवलें नाहीं. आम्हीं त्याच्या हातीं शाळेंतील उष्णतामापक दिला, आणि बोअरच्या पाण्याचें उष्णमान जानेवारींत व पुन्हां मे महिन्यांत टिपून आणावयास सांगितलें आहे.