विश्रांतीचे खाते कोणाच्या नावे?

वैशाखात बीड जिल्ह्यातील धर्मापुरीचा पारा चाळीस अंश ओलांडतो. चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराच्या दगडांना भर दुपारी हात लावता येत नाही आणि पेठेत शुकशुकाट पसरतो. अक्षय्य तृतीयेची खरेदी आटोपलेली असते, खरिपाच्या बी-बियाण्यांची गर्दी अद्याप सुरू व्हायची असते. व्यापारी कुटुंबाला चार दिवस दुकान बंद ठेवता येईल, असा वर्षातील हाच काय तो अवधी. पुढे पाऊस, मग चातुर्मास. म्हणूनच या दिवसांत मुले समुद्राचा हट्ट धरतात आणि बहुधा गणपतीपुळ्याचे नाव निघते.

लातूर, सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी असा हा लांबचा प्रवास आहे. कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजचे बाहुबली तीर्थ वाटेजवळच असल्याने तेथे २८ फुटी बाहुबली मूर्तीचे दर्शन होते आणि मुक्कामही करता येतो. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे. डोंगराच्या पायथ्याशी स्वयंभू गणपतीचे मंदिर, समोर अथांग सागर आणि किनाऱ्यालगत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान. १९७५ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला समुद्रकाठच्या मुक्कामाची गोडी लावली. आज आसपास खासगी हॉटेलेही पुष्कळ आहेत.

प्रश्न पुढेच आहे. मे महिन्यात या किनाऱ्यावर सूर्य साधारण सात वाजता मावळतो. हॉटेलांचे रात्रीचे जेवण बहुधा त्यानंतर सुरू होते. ज्या घरात चौविहार पाळला जातो, तेथे त्याआधीच पाने आटोपली पाहिजेत. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. वडीलधाऱ्यांना उकळलेलेच पाणी लागते. यावर घरोघरी सापडलेला उपाय ठरलेला आहे. सूनबाई निघण्याच्या आधी आठ दिवस खाखरे, पुऱ्या आणि कोरडा फराळ करू लागते. डब्यांची एक पिशवी, भांड्यांची दुसरी, पिठांची तिसरी. हॉटेलात पोहोचल्यावर बाकी सारे वाळूकडे धावतात आणि ती सायंकाळच्या ताटांची जुळवाजुळव करते. सारे जेवून सूर्यास्त पाहायला परततात, तेव्हा ती खोलीतील नळाखाली भांडी विसळत असते. घराचे स्वयंपाकघर शेकडो किलोमीटर दूर नेले, एवढाच तिच्या सुट्टीचा अर्थ उरतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाचे विवेचन आठवेल. पगारी घरकामगारणीशी मालकाने विवाह केला, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती त्याने दाखवली होती. हॉटेलातील जेवणाचे बिल होते, त्यावर कर लागतो, ते हिशेबात येते. तेच ताट घरच्या गृहिणीने वाढले की कोणत्याच खात्यात त्याची नोंद होत नाही. भारत सरकारच्या २०१९ मधील वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात; असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. पै-पैचा मेळ घालणाऱ्या व्यापारी समाजाने तरी ही न लिहिलेली नावेची बाजू डोळ्यांआड करू नये.

यावर कोणी म्हणेल, व्रत सोडायचे काय? मुळीच नाही. परंतु आपल्या कर्माचे फळ आपणच भोगायचे, हे ज्या धर्माचे मूळ सूत्र, त्याच्या अनुयायांनी आपल्या नियमाचे कष्ट मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवावेत, हे सुसंगत नव्हे. नियम ज्याने घेतला, त्याने त्याच्या तयारीतही हात घातला पाहिजे.

ही तयारी घरूनच, आरक्षणाच्या वेळी व्हावी आणि ती पुरुषांनी करावी. दुकानासाठी माल मागवताना जशी प्रत आणि मुदत लिहून घेतली जाते, तसेच चार प्रश्न हॉटेलला लेखी विचारावेत. स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी आहे काय? सायंकाळचे जेवण सहा वाजता मिळेल काय? कंदमुळांशिवाय पदार्थ होतील काय? उकळलेले पाणी मिळेल काय? उत्तर नकारार्थी आले, तर दुसरे ठिकाण शोधावे. कोकणच्या पाकशैलीत अडचण वाटते तितकी नाही. तांदळाची भाकरी, घावन, फणसाची भाजी, केळफुलाची भाजी, उकडीचे मोदक हे सारे कंदमुळांवाचून होते. सोलकढीत मात्र लसूण घालण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, ते आधी सांगावे. सकाळची चिंता नाही. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते, न्याहारी तोवर तयार होत असते.

ज्यांचे नियम अधिक कडक आहेत, त्यांनी दोन-तीन कुटुंबांत मिळून एक महाराज सोबत न्यावा आणि स्वयंपाकघराची सोय असलेले निवासस्थान घ्यावे. हॉटेलच्या खोलीत शेगडी पेटवणे धोक्याचे असते आणि बहुतेक ठिकाणी त्याला मनाईही असते. तेही शक्य नसेल, तर ताटे मुलांनी मांडावीत, भांडी पुरुषांनी विसळावीत. त्याने कोणाची पत जात नाही.

खर्चाचा धाक दाखवला जातो, तोही तपासून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांच्या खोलीवर कर ३७५ रुपये आणि ७,६०० रुपयांच्या खोलीवर १,३६८ रुपये. शंभर रुपयांच्या फरकासाठी कर सुमारे हजार रुपयांनी वाढतो. भोगोपभोग परिमाण व्रत घेतलेल्या श्रावकाला साधी खोली निवडण्यास हे आणखी एक कारण. हे बिल पेढीच्या नावावर टाकण्याचा मोह मात्र टाळावा. वैयक्तिक उपभोगावरील कराचे क्रेडिट मिळत नाही आणि आयकरातही तो धंद्याचा खर्च ठरत नाही. तो मालकाच्या उचल खात्यातच पडला पाहिजे. साध्या खोलीत वाचलेले पैसे जेवणाच्या चोख सोयीसाठी खर्चावेत. ही उधळपट्टी नव्हे. जिच्या श्रमांवर घर आणि दुकान दोन्ही चालतात, तिला वर्षातून चार दिवस दिलेली ती रजा आहे.

सहा वाजता जेवणे उरकली की सूर्यास्ताला अवकाश असतो. सासूबाईंचा हात धरून सूनबाईने सावकाश वाळूवर यावे, नातवंडांनी खोल पाण्यात जाऊ नये एवढीच दक्षता कर्त्या पुरुषांनी घ्यावी आणि सूर्य पाण्यात उतरेपर्यंत साऱ्यांनी एकत्र बसावे. दोन दिवसांनी दुकान पुन्हा उघडायचेच आहे, घरची चूलही पेटायचीच आहे. तोवर तिच्या हातात एकही भांडे नसावे.