आधी रेघ, मग हिशेब

मायबापहो, तुमचे मूल पाढे घडाघडा म्हणते, पण शाब्दिक उदाहरण आले की "मिळवू की वजा करू?" असे विचारते ना? म्हणून ते ढ ठरत नाही. उदाहरणातली गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, एवढेच.

बुटीबोरीच्या परिसरात संत्री कुणाला ठाऊक नाहीत? तेव्हा संत्र्यांचेच विचारा: "गंगूकडे १५ संत्री आहेत. ती सखूपेक्षा ४ने जास्त आहेत. तर सखूकडे किती?" 'जास्त' हा शब्द ऐकताच पुष्कळ मुले मिळवणी करून १९ सांगतात. रागावू नका. अंगणात काडीने गंगूची लांब रेघ ओढायला लावा. तिच्याखाली सखूची आखूड रेघ. जास्तीच्या तुकड्यावर ४ लिहा. आता वजाबाकी करायची, हे मूल आपणहून ओळखेल. उत्तर ११. पडताळाही घ्या: ११ आणि ४ मिळून १५.

भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सुमारास 'लीलावती'त भुंगे, हंस, माकडे यांच्या गोष्टींतूनच गणिते घातली.

रोज सांजेला एकच उदाहरण पुरे. कधी रेघा तुम्ही ओढा आणि गोष्ट लेकीला रचू द्या. उद्या हीच लेकरे बाजारातली मालाची पट्टी वाचतील. हमाली, तोलाई कशातून वजा झाली आणि हाती किती यायला हवे, हे त्यांना कळलेच पाहिजे. घामाचा पैसा आहे तो!