अंगठा गेला, पण कागद कोण वाचणार?

दिघा गाव रेल्वे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्याआधी दिघ्याच्या कष्टकऱ्याला गाडी पकडायची तर ऐरोली नाहीतर कळवा-ठाणे गाठावे लागे. स्टेशन आले, आनंद झाला. पण त्या फलाटावर पाच मिनिटे उभे राहून पाहा. इंडिकेटरवर वाशी, नेरूळ, पनवेल अशी नावे पडतात आणि वाशीला धुणीभांडी करायला निघालेली मावशी शेजारच्या पोराला विचारते, "बाबा, ही कुठली हाय रं?" तुर्भ्यापुढे वाट फुटते. पनवेलच्या गाडीत बसली तर ती सानपाड्याऐवजी जुईनगरला जाते आणि अर्ध्या दिवसाचा खाडा पडतो.

ही मावशी कोण? इलठणपाडा, गणपतीपाडा, यादवनगर, ईश्वरनगर या वस्त्यांत राहणारी आपलीच आयाबहीण. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या अनेक दुष्काळांनी मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसे मुंबई-ठाण्याकडे लोटली. कुणी खाणीवर गेले, कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागले. गावाने ज्यांना शाळेच्या दाराबाहेर ठेवले, त्यांना शहराने थेट कामावर उभे केले. मध्ये शिकायला वेळ मिळालाच नाही.

नाही म्हणायला साक्षरतेच्या मोहिमा आल्या. बायका सही शिकल्या, आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण आज आम्हाला एक कडू गोष्ट सांगायची आहे. नुसती सही अंगठ्यापेक्षा घातक ठरू शकते. अंगठा उठवताना साक्षीदार लागतो, मजकूर वाचून दाखवल्याचे लिहावे लागते. सही केली की ती वाचून, समजून केली असे धरले जाते. मग ठेकेदाराच्या रजिस्टरवर पगार पूर्ण लिहिलेला असतो, हातात कमी पडतो, आणि खाली कामगाराची सुंदर सही असते! दाद मागायची कुठे?

२०१५-१६ साली दिघ्यातील ९९ बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. काही इमारतींवर हातोडा पडला, कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांत निरक्षर थोडेच होते? दहावी-बारावी झालेले, नोकरदार माणसेही होती. त्यांना अक्षर येत होते. पण जमीन एमआयडीसीची की सिडकोची, बांधकाम परवानगी आहे की नाही, नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. विकणाऱ्याला मात्र सगळे ठाऊक होते.

जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी जो अभ्यासक्रम मागितला, त्यात मोडी-बाळबोध वाचनाबरोबर हिशेब होता, शेतीचे प्राथमिक ज्ञान होते, आरोग्याचे धडे होते. म्हणजे अक्षर आणि व्यवहार ते वेगळे करत नव्हते. बाबासाहेबांनी मे १९२९ मध्ये मुंबई प्रांतिक समितीतून सायमन कमिशनसाठी स्वतंत्र अहवाल दिला. मताधिकाराला साक्षरतेची अट घालू नका, निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, असे त्यांनी त्यात ठणकावले. शाळेचे दार बंद ठेवणाऱ्यांनीच निरक्षरतेचे कारण पुढे करून मत नाकारायचे, हा कुठला न्याय?

कामगारांसाठी देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ साली मुंबईतच निघाले. पुढे २००० साली अशा संस्थांचे नाव जन शिक्षण संस्थान झाले आणि २०१८ साली त्या शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे गेल्या. अक्षर एका खात्यात, हातचे काम दुसऱ्यात! आताच्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) जीवनकौशल्य आणि व्यवसायकौशल्य हे घटक कागदावर आहेत. परंतु परीक्षा १५० गुणांची, ती वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची. शिकवणारे स्वयंसेवक, तेही बिनपगारी. दिवसभर राबून आलेल्या बाईने बाराखडी गिरवायची ती कशासाठी, हे तिला पटले नाही तर ती चौथ्या दिवशी येत नाही. त्यात तिचा काय दोष?

दोष थोडा आपलाही आहे. चौदा एप्रिलला डीजेसाठी वर्गणी जमते, पण विहारात फळा नसतो. चळवळीत पदवीधर आहेत, बँकेत, पालिकेत, रेल्वेत नोकरीला आहेत. रविवारी वंदनेनंतर त्यांनी एक तास द्यावा. पाठ्यपुस्तकाची वाट पाहू नये. ज्याने त्याने आपापल्या घरातला कागद आणावा : वीजबिल, रेशनकार्ड, गटाचे पासबुक, पगाराची पावती. पीएफच्या नोंदीत नाव एक आणि आधारवर दुसरे, म्हणून पैसे अडकलेले किती बांधव निघतील!

आम्ही एका विहारात असा तास घेऊन पाहिला. एका ताईंनी गटकर्जाचा कागद आणला होता. सही त्यांचीच, वळणदार. आम्ही बोट ठेवून एक ओळ त्यांच्याकडूनच वाचून घेतली. अडखळत, अक्षर लावत त्यांनी ती वाचली. गटातल्या कुणाचा हप्ता थकला तर तो बाकीच्यांनी भरायचा, असे त्यात होते. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे शेजारणीचं कर्जबी माझ्याच डोक्यावर?"

पुढच्या रविवारी त्या गटातल्या आणखी चौघींना घेऊन आल्या. पाचही जणींच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, कागदांनी भरलेल्या.