रजेच्या जागेवरील शिक्षक

शाळेंतील एखादे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांच्या वर्गाचें काय होतें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. रजा दोन-चार दिवसांची असेल तर त्याचें उत्तरहि सोपें आहे. मुख्याध्यापक वेळापत्रकांत थोडा फेरफार करतात, ज्यांचा तास मोकळा असेल त्या शिक्षकांकडे तो वर्ग सोंपवितात, आणि मुलांच्या भाषेंत तो ‘ऑफ तास’ होतो. कांहीं मुलें गृहपाठ उरकतात, कांहीं खिडकीबाहेर पाहत बसतात. त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु बाईंची प्रसूतीची रजा सहा महिन्यांची असली, किंवा सर दीर्घ आजारानें अंथरुणास खिळले, तर शाळेच्या वर्षाचा मोठा भाग त्यांत निघून जातो. अशा वेळीं बाहेरून जो शिक्षक नेमावा लागतो, तोच रजेच्या जागेवरील, किंवा बोलीभाषेंत सांगावयाचें तर बदली शिक्षक. हें काम पत्करूं इच्छिणाऱ्यानें दोन गोष्टी आधीं समजून घ्याव्या : कायदा त्याला काय मानतो, आणि वर्ग त्याच्याकडून काय मागतो.

जुन्या गांवठी शाळांत पंतोजी बाहेर गेले म्हणजे एखादा वडील मुलगा धाकट्यांकडून उजळणी करून घेई. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेंत अँड्र्यू बेल यांनीं मुलांकडूनच मुलांना शिकविण्याची ही रीत पद्धतशीर चालविली, १७९७ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें, आणि पुढें ती इंग्लंडांतहि पसरली. शिकविणें म्हणजे मुख्यतः घोकून घेणें, असें जोंवर होतें तोंवर ही सोय पुरेशी होती. आज ती पुरत नाहीं, आणि कायद्यालाहि मान्य नाहीं.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याला अनुसरून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २३ ऑगस्ट २०१० रोजीं पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता ठरवून दिली. अध्यापनाची पदविका किंवा पदवी तर हवीच. शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. महाराष्ट्रांत ही परीक्षा २०१३ पासून घेतली जाते. प्रश्नपत्रिका १५० गुणांची असते आणि सर्वसाधारण उमेदवाराला त्यांपैकीं ६० टक्के मिळवावे लागतात. नववी-दहावीस शिकविण्यासाठीं त्या विषयाची पदवी आणि बी.एड. आवश्यक आहे, हा बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे. जागा थोड्या महिन्यांची आहे म्हणून पात्रताहि थोडी चालेल, असा समज कोणी करून घेऊं नये.

यापुढचा प्रश्न नेमणुकीच्या स्वरूपाचा. महाराष्ट्रांतील खाजगी शाळांच्या नोकरवर्गासाठीं १९७७ चा कायदा व त्याखालचे १९८१ चे नियम आहेत. त्यांत कायम आणि कायम नसलेले असे दोन वर्ग केले असून, कायम नसलेल्यांत परिवीक्षेवरील व तात्पुरते असे आणखी दोन भेद आहेत. रिकाम्या झालेल्या कायम जागेवर रीतसर नेमलेला मनुष्य परिवीक्षेंतून पुढें कायम होतो. तात्पुरत्या जागेवर ठराविक मुदतीसाठीं नेमलेला मात्र तात्पुरताच राहतो. एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचें वेतन देऊन व्यवस्थापन त्याला मोकळें करूं शकतें. २००० सालीं सुरू झालेल्या योजनेंतील शिक्षण सेवक हा याहून निराळा. त्याला तीन वर्षें मानधनावर काम करावें लागलें तरी त्याच्यापुढें कायम होण्याची वाट असते.

पुष्कळ तरुणांची फसगत होते ती नेमकी येथें. ‘आज रजेच्या जागेवर शिरूं, उद्यां संस्थाचालकांच्या मनांत भरलों कीं कायम होऊं,’ या आशेवर ते एकामागून एक वर्षें घालवितात. अनुदानित व जिल्हा परिषदांच्या शाळांतील कायम शिक्षकांच्या भरतीसाठीं २०१७ सालीं पवित्र नांवाची संगणकीय प्रणाली आणली गेली. तिच्यांत गुणवत्तेच्या क्रमाला महत्त्व आहे, रजेच्या जागेवर केलेल्या सेवेनें तो क्रम चुकवितां येत नाहीं. म्हणून कामावर रुजू होण्यापूर्वीं लेखी आदेश मागून घ्यावा. तो कोणाच्या रजेपुरता आहे, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत आहे, वेतन मासिक आहे कीं तासिकेवर, सुटीच्या काळांत कांहीं मिळेल कीं नाहीं, हें त्यांत स्पष्ट असावें. शाळा अनुदानित असल्यास शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेचा प्रस्ताव गेला आहे काय, याचीहि चौकशी करावी. काम संपल्यावर अनुभवाचा दाखला घ्यावा. असें विचारणें हा उद्धटपणा नाहीं. विचारणाऱ्याला मागाहून पश्चात्ताप होत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

आतां वर्गाकडे वळावें. नवा शिक्षक वर्गांत पाऊल टाकतो तेव्हां पाटी कोरी नसते. मुलांना आपल्या बाईंच्या संवयी पाठ झालेल्या असतात, आणि पहिल्याच तासाला कोणीतरी सांगतें, “आमच्या बाई असं नाही शिकवत!” तें बहुधा खोडसाळपणानें म्हटलेलें नसतें. एक साधें उदाहरण घ्यावें. एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश यांची बेरीज करावयाची आहे. पहिल्या बाईंनीं लसावि काढून दोन्ही छेद बारा केले आणि तीन व दोन मिळून पांच द्वादशांश असें उत्तर दिलें. बदली शिक्षक तिरकस गुणाकार करतो; छेद चोवीस येतो, अंश दहा येतो, आणि मग दोहोंना दोननें भागून तेंच उत्तर मिळतें. शिक्षकाला दोन्ही वाटा एकाच गांवाला जातांना दिसतात. दहा वर्षांच्या मुलाला मात्र दोहोंपैकीं एक शिक्षक चुकत आहे असें वाटतें, आणि तें गणितालाच भिऊं लागतें. पहिली रीत आधीं मान्य करून, तिच्याच शेजारीं फळ्यावर दुसरी मांडून दाखविली, तर हें भय उपजत नाहीं.

यासाठीं रुजू होतांच मूळ शिक्षकांचें वार्षिक नियोजन व टाचणवही पाहावी, मुलांच्या चार-दोन वह्या चाळाव्या, आणि शक्य असेल तर त्या शिक्षकांशीं थोडें बोलून घ्यावें. कोणतें मूल मागें आहे, कोणाला फळा दिसत नाहीं, कोणाच्या घरीं अडचण आहे, हें टाचणांत लिहिलेलें नसतें. निघतांनाहि तितकीच काळजी हवी. कोणता पाठ कुठवर झाला, काय राहिलें, कोण पुढें सरकलें, याचा एक कागद परत येणाऱ्या शिक्षकांसाठीं ठेवावा. तो ठेवा असें कोणताहि नियम सांगत नसेल. परंतु त्यानें वर्गाचे पंधरा दिवस वांचतात.

पालकांचाहि यांत वांटा आहे. ‘या बाई चार दिवसांच्या पाहुण्या, त्यांचें काय एवढें मनावर घ्यायचें!’ असें घरांत म्हटलें गेलें कीं दुसऱ्या दिवशीं तें वाक्य वर्गांत पोहोंचतें, आणि मग कितीहि तळमळीचा शिक्षक असला तरी त्याचे हात बांधले जातात. शिक्षकाची नेमणूक सहा महिन्यांनीं संपते. त्या सहा महिन्यांत मुलाची जी इयत्ता चालू असते ती त्याच्या आयुष्यांत पुन्हां येत नाहीं. हें ओळखून जो वर्गांत उभा राहील, त्याच्या हातीं कायमपणाचा आदेश नसला तरी मुलांचें काम पुरतें होईल.